चोरीला गेलेली गाडी गॅरेजमध्ये सापडली आणि मालक बिलाशिवाय सोडत नाही, तेव्हा काय करायचं

माझी स्कूटर पुण्यातल्या आमच्या सोसायटीच्या पार्किंगमधून एका रात्रीत गेली. पाच आठवड्यांनी मोबाइलवर ई-चलनाचा मेसेज आला: विनाहेल्मेट. लिंक उघडली तर फोटोत माझीच स्कूटर, वर अनोळखी पोरगा आणि मागे नगर रस्त्यावरचा ओळखीचा चौक. दोन संध्याकाळी त्या भागातली गॅरेजं पालथी घातली, तेव्हा एका पत्र्याच्या शेडमागे ती उभी दिसली. पुढचं मडगार्ड बदललेलं, मागचा टायर कोरा. मालकानं वहीचं पान फाडून हिशेब हातात दिला: शॉकअप, बेल्ट, टायर, मडगार्ड, मजुरी, एकूण ११,४०० रुपये. "पैसे द्या आणि गाडी घेऊन जा. ती कुणी आणली, चोरीची होती की कशाची, ते तुम्ही आणि तो बघा."

मी पैसे द्यायला तयार झालो होतो. सोबतच्या मित्रानं हात धरला म्हणून वाचलो. त्या संध्याकाळी मला जे माहीत नव्हतं ते सगळं इथे लिहितो आहे, कारण पोलीस ठाण्याची पायरी कधीच न चढलेल्या माणसाची अशा वेळी फार तारांबळ उडते.

मुख्य गोष्ट आधीच सांगतो. गॅरेजवाल्याला पैसे देऊन गाडी परस्पर घरी आणू नका. ती पोलिसांनी पंचनामा करून जप्त करायची आणि मग तुम्ही ती बंधपत्र (बोलावलं की गाडी हजर करीन अशी लेखी हमी) लिहून देऊन सोडवून घ्यायची. यात थोडे दिवस जातात. पण परस्पर आणलेली गाडी पोलिसांच्या नोंदीत चोरीचीच राहते. पुढच्या नाकाबंदीत नंबर तपासला की तुम्हालाच रस्त्याकडेला उभं करतील आणि खुलासा करायला तुमच्याकडे एकही कागद नसेल. शिवाय ती गाडी त्या गुन्ह्यातला पुरावा आहे. चोरापर्यंत जाणारा माग गॅरेजातूनच निघतो आणि पैसे देऊन आपण तोच पुसून टाकतो.

गॅरेजवाल्याचा हक्क कुठपर्यंत

बिल मिळेपर्यंत गाडी अडवून ठेवायचा हक्क गॅरेजला असतो, हे खरं आहे. १८७२ च्या भारतीय करार कायद्याच्या कलम १७० मध्ये तो दिलेला आहे. तुम्ही एखादी वस्तू दुरुस्तीला सोपवली आणि कारागिरानं त्यावर श्रम किंवा कौशल्य खर्च केलं, तर मजुरी मिळेपर्यंत ती वस्तू तो स्वतःकडे ठेवू शकतो. सोनार, शिंपी, घड्याळजी, मेकॅनिक सगळ्यांना हे लागू आहे.

या हक्काचा पाया मात्र सोपवण्यात आहे. वस्तू मालकानं, किंवा मालकानं अधिकार दिलेल्या माणसानं सोपवलेली असली पाहिजे. चोराला तुमची गाडी दुरुस्तीला टाकायचा अधिकार कुणी दिलेला नसतो. म्हणून त्यानं सांगितलेल्या कामाचे पैसे त्याच्याकडूनच मागायचे असतात. तुमची गाडी त्यासाठी तारण ठेवता येत नाही. "रोजचे शंभर रुपये पार्किंग झालंय" अशी मागणी येते, तिलाही हेच उत्तर.

नव्या टायरचा फायदा तुम्हाला झाला, तेव्हा त्याचे पैसे द्या, असा दावा तो दिवाणी न्यायालयात करू शकतो. करार कायद्याच्या कलम ७० कडे वकील अशा वेळी बोट दाखवतात. तो दावा टिकेल की नाही हा पुढचा प्रश्न. तेवढ्यासाठी गाडी अडवता येत नाही.

"मी ती विकत घेतलीये" असं तो म्हणाला, तरी फरक पडत नाही. १९३० च्या वस्तुविक्री कायद्याचं कलम २७ सांगतं की विकणाऱ्याकडे जेवढा हक्क आहे, त्याहून जास्त घेणाऱ्याला मिळत नाही. चोराकडे मालकी नव्हती, तेव्हा घेणाऱ्याकडेही आली नाही.

इथे एक गोष्ट स्वतःशी प्रामाणिकपणे तपासा. गाडी खरंच चोरीला गेली होती का? ड्रायव्हरला तुम्ही गाडी चालवायला दिली होती आणि त्यानं ठोकून दुरुस्तीला टाकली, किंवा भाच्यानं घरातून किल्ली घेतली आणि तो ती नेहमीच घेतो, तर ही चोरी म्हणून उभी राहणं अवघड आहे. अशा माणसाला अधिकार होता असं गॅरेजवाला म्हणू शकतो आणि त्याचं म्हणणं बऱ्याचदा रास्त असतं. तिथे बिलाची घासाघीस करून तोडगा काढा. घरच्या माणसावर रागाच्या भरात चोरीची फिर्याद देऊ नका. ती मागे घेणं देण्याइतकं सोपं नसतं.

गाडी दिसली त्या क्षणी

आधी ती तुमचीच आहे याची खात्री करा. नंबरप्लेटवर जाऊ नका, चोर ती पहिल्यांदा बदलतो. आरसी बुकवरचा चेसिस नंबर आणि इंजिन नंबर गाडीवरच्या नंबरांशी ताडून पाहा. हल्लीच्या गाड्यांचा चेसिस नंबर १७ अक्षरी असतो. स्कूटरला तो बहुधा फ्रेमवर सीटखाली किंवा पायापाशी कोरलेला असतो, कारला पुढच्या सीटजवळ किंवा बॉनेटखाली. तुमच्या मॉडेलमध्ये नेमका कुठे, ते मालकाच्या पुस्तिकेत दिलेलं असतं. मूळचं आरसी घरी राहिलं असेल तर डिजिलॉकर किंवा एमपरिवहन ॲपमधलं दाखवा. कोरलेले आकडे घासलेले दिसले तर हात लावू नका, फक्त फोटो काढा.

मग लांबून आणि जवळून फोटो घ्या: गाडी, गॅरेजची पाटी, आजूबाजूचा रस्ता. गॅरेजवाल्यानं हिशेबाचा कागद दिला तर जपून ठेवा. त्यावर तारीख आणि अक्षर त्याचं असतं, आणि गाडी त्याच्या ताब्यात होती हे त्या एका कागदानं सिद्ध व्हायला मदत होते.

आणि तिथूनच फोन करा. चोरीची फिर्याद आधी दिलेली असेल तर तपासी अंमलदाराला (तुमच्या गुन्ह्याचा तपास करणारा पोलीस), तो उचलत नसेल तर ठाणे अंमलदाराला (त्या वेळी ठाण्यात ड्युटीवर असलेला). गाडी हलवली जाईल अशी भीती वाटली तर सरळ ११२. फोनवर एवढंच सांगा: गुन्हा रजिस्टर नंबर (एफआयआरचा क्रमांक), गाडीचा नंबर, सध्या कुठे उभी आहे, आणि गॅरेजवाला पैसे मागतोय. पोलीस येईपर्यंत एक माणूस गाडी दिसेल अशा जागी थांबलेला बरा.

दुसरी किल्ली खिशात असते आणि मोह होतो. गाडी चालू करून निघून जाऊ नका. गॅरेजवाल्याला ती अडवायचा हक्क नसेल तर स्वतःची गाडी नेणं ही चोरी ठरत नाही हे खरं, पण धक्काबुक्की झाली की तुमच्यावरच उलट तक्रार येते आणि मूळ प्रकरण बाजूला पडतं.

मिस्त्रीशी बोलताना

बऱ्याच गॅरेजवाल्यांना गाडी चोरीची आहे हे खरंच माहीत नसतं. कुणीतरी आणून टाकली, हजार रुपये उचल दिली, "परवा येतो" म्हणाला आणि आलाच नाही. सुटे भाग याच्या खिशातून गेले. त्याचा राग समजण्यासारखा आहे. त्याच्या अंगावर गेलात तर तो तोंड बंद करतो, आणि चोराला पाहिलेला एकुलता एक साक्षीदार आपण गमावतो.

मी दुसऱ्या दिवशी गेलो तेव्हा फिर्यादीची प्रत पुढे ठेवून असं बोललो: "शेठ, तुम्हाला माहीत नव्हतं हे मला मान्य आहे. पण आता ही प्रत तुम्ही पाहिलीत. गाडी कोणी आणली, कधी आणली, त्याचा फोन नंबर काय, एवढं पोलिसांना सांगा. तुमचे पैसे बुडवणारा तोच आहे."

या बोलण्यामागे कायद्याचं एक बारीक टोक आहे. भारतीय न्याय संहितेचं कलम ३१७ चोरीचा माल घेणाऱ्यासाठी आहे. १ जुलै २०२४ च्या आधी हाच गुन्हा भारतीय दंड संहितेच्या कलम ४११ खाली यायचा. त्यात माल चोरीचा आहे हे माहीत असताना, किंवा तसं मानायला कारण असताना, अप्रामाणिकपणे तो घेणं जसं येतं, तसंच तो ठेवून घेणंही येतं. शिक्षा तीन वर्षांपर्यंत कैद, दंड किंवा दोन्ही. म्हणजे गाडी आली त्या दिवशी मिस्त्री निर्दोष असला, तरी फिर्याद आणि आरसी पाहिल्यावरही तो अडवून बसला, तर "मला माहीत नव्हतं" हे त्याला म्हणता येत नाही. हे शांतपणे, धमकीचा सूर न लावता सांगा. आमचा शेठ दोन मिनिटं गप्प बसला आणि मग त्यानं कपाटातून वही काढली. त्यात त्या पोराचा नंबर होता.

गॅरेजला किंवा शेजारच्या दुकानाला सीसीटीव्ही असेल तर त्याच दिवशी पोलिसांच्या कानावर घाला. जुनं चित्रण काही दिवसांनी आपोआप पुसलं जातं.

फिर्याद आधी दिलीच नसेल तर

"मिळेल कुठेतरी" म्हणून कित्येक जण तक्रारच देत नाहीत. आता द्या. गाडी दुसऱ्या हद्दीत सापडली असली तरी कुठल्याही ठाण्यात फिर्याद घेता येते, भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ मध्ये तसं स्पष्ट आहे. ऑनलाइन पाठवलीत तर तीन दिवसांत जाऊन सही करावी लागते. फिर्यादीची प्रत तुम्हाला मोफत मिळते, तो तुमचा हक्क आहे.

"गाडी सापडली ना, मग आता कशाला गुन्हा?" असं ऐकायला मिळू शकतं. नम्रपणे आग्रह धरा. दखलपात्र गुन्ह्याची (ज्यात पोलीस वॉरंटशिवाय अटक करू शकतात, चोरी त्यात येते) माहिती मिळाली की गुन्हा नोंदवावाच लागतो, असं सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठानं ललिता कुमारी खटल्यात २०१३ मध्ये सांगितलं आहे. तरीही नोंदवला नाही तर त्याच कलम १७३ प्रमाणे पोलीस अधीक्षकांना लेखी अर्ज पाठवा. पुण्या-मुंबईसारख्या आयुक्तालयात उपायुक्तांच्या कार्यालयात द्या. टपालाची पावती जपा. तिथेही काही झालं नाही तर न्यायदंडाधिकाऱ्यांकडे जाता येतं, आणि त्या वेळी आधीच्या अर्जाची पावती मागितली जाते.

जप्ती आणि पंचनामा

चोरीचा संशय असलेली वस्तू जप्त करायचा अधिकार पोलिसांना त्याच नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १०६ नं दिलेला आहे. त्यासाठी गॅरेजवाल्याची परवानगी लागत नाही आणि त्याचं बिलही आधी चुकतं करावं लागत नाही. "आधी आपसात मिटवा" असं कुणी म्हणालं तर हे लक्षात ठेवा.

जप्तीच्या वेळी शक्यतो हजर राहा. दोन पंचांसमोर पंचनामा होतो आणि नव्या कायद्यानुसार जप्तीचं व्हिडिओ चित्रीकरणही करायचं असतं. पंचनाम्यात काय लिहिलं जातं इकडे नीट कान द्या: चेसिस आणि इंजिन नंबर, रंग, किलोमीटरचा आकडा, कुठले भाग बदललेले, काय फुटलेलं, काय गायब. पुढे विम्याचा दावा करताना याच ओळी कामाला येतात. डिकीत तुमचं नसलेलं काही निघालं, तर त्याला स्पर्श न करता पंचनाम्यात घ्यायला सांगा.

गाडी परजिल्ह्यात किंवा बेळगाव, हुबळी, गोव्याकडे सापडली तर तुमच्या ठाण्याचे पोलीस तिथल्या पोलिसांना कळवून जप्ती करतात, किंवा तिथलेच पोलीस ती जप्त करतात. पहिला फोन तरीही तुमच्या तपासी अंमलदारालाच करा. गुन्हा ज्या ठाण्यात दाखल आहे तिथे गाडी पोहोचली की पुढचे हेलपाटे वाचतात.

गाडी हातात यायला

बहुतेकांना सगळ्यात जास्त धास्ती इथे वाटते, आणि प्रत्यक्षात सगळ्यात सरळ काम हेच निघतं. जप्त गाडीला आता मुद्देमाल म्हणतात. ती परत घेताना जो कागद होतो त्याला पोलीस आणि वकील सुपूर्तनामा म्हणतात.

ठेवायला जागा नसेल किंवा तपासासाठी गाडी लागणार नसेल, तर पोलीस स्वतःच बंधपत्र घेऊन ती देऊ शकतात. विचारून पाहा. बहुतेक ठिकाणी मात्र "कोर्टाची ऑर्डर आणा" हेच उत्तर मिळतं. मग त्या ठाण्याच्या हद्दीतल्या प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्यांकडे अर्ज करायचा. त्याच संहितेची कलमं ४९७ आणि ५०३, जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेत ४५१ आणि ४५७ होती ती. बरेच वकील दोन्ही एकत्र लिहितात. अर्जाचा गाभा साधारण असा असतो:

"अर्जदाराचे म्हणणे असे की, वर नमूद गुन्ह्यात जप्त केलेले वाहन अर्जदाराचे नावे नोंदलेले आहे. सदर वाहन दिनांक … रोजी चोरीस गेले व दिनांक … रोजी … येथून जप्त करण्यात आले. सदर वाहन पोलीस ठाण्याच्या आवारात उघड्यावर उभे असून ऊन-पावसाने त्याचे नुकसान होत आहे. सदर वाहनावर अन्य कोणाचाही हक्क नाही. मे. कोर्ट घालील त्या अटी अर्जदारास मान्य आहेत. तरी सदर वाहन अर्जदाराचे ताब्यात देण्याचा हुकूम व्हावा, ही विनंती."

सोबत आरसी, आधार, विम्याची पॉलिसी, फिर्याद आणि जप्ती पंचनाम्याची प्रत. गाडीवर कर्ज असेल तर बँकेचं नाहरकत पत्रही जोडा, नंतरची अडचण टळते. न्यायालय पोलिसांचं आणि सरकारी वकिलांचं म्हणणं मागवतं. तपासी अंमलदाराला आधी भेटून "साहेब, म्हणणं लवकर पाठवा" एवढी विनंती केली की एखादी तारीख वाचते.

सर्वोच्च न्यायालयानं १ ऑक्टोबर २००२ रोजी सुंदरभाई अंबालाल देसाई विरुद्ध गुजरात राज्य या प्रकरणात ठरवून दिलं आहे की जप्त गाड्या ठाण्यात वर्षानुवर्षं सडवण्यात अर्थ नाही. फोटो, पंचनामा आणि बंधपत्र घेऊन न्यायदंडाधिकाऱ्यांनी त्या लवकर सोडाव्यात, आणि माल पोलिसांकडे फार तर १५ दिवस ते एक महिना राहावा. अर्जात या निकालाचा उल्लेख जरूर करा. माझा अर्ज बाराव्या दिवशी मंजूर झाला.

गॅरेजवाला न्यायालयात येऊन बिलाची हरकत घेऊ शकतो. ताबा कुणाला द्यायचा एवढंच तिथे पाहिलं जातं आणि नोंदणी ज्याच्या नावावर आहे त्याची बाजू सहसा भक्कम असते. हिशेब तिथे मिटत नाही.

आदेशात अटी असतात: ठराविक रकमेचं बंधपत्र, कधी जामीनदार, गाडी विकायची नाही, रंग-रूप बदलायचं नाही, बोलावलं की हजर करायची. अट नीट वाचा. बदललेला भाग पुन्हा बदलायचा असेल तर आधी वकिलाला विचारा.

वकिलाची फी परवडत नसेल तर जिल्हा किंवा तालुका विधी सेवा कार्यालयात जा, ते बहुधा न्यायालयाच्या आवारातच असतं. हेल्पलाइन १५१००. स्त्रिया आणि अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्तींना तिथे उत्पन्न न पाहता मोफत वकील मिळतो, हे फार कमी लोकांना ठाऊक आहे.

गाडी ताब्यात घेताना ती पंचनाम्याशी पडताळून मगच सही करा. ठाण्यापासून घरापर्यंत चालवू नका, टेम्पोत घालून न्या. ब्रेक, चाकाचे नट, स्टिअरिंग कुणी कसं बसवलंय ते आपल्याला माहीत नसतं. माझ्या स्कूटरच्या पुढच्या ब्रेकची केबल अर्धी तुटलेली होती. नंतर पहिलं काम कुलूप आणि किल्ल्या बदलायचं, तेही आदेशातली अट बघून.

विमा, आरटीओ, चलनं

विमा कंपनीला चोरी कळवली असेल तर गाडी सापडल्याचंही त्याच दिवशी लेखी कळवा. दाव्याचे पैसे आधीच घेतले असतील तर गाडीवरचा हक्क बहुधा कंपनीकडे गेलेला असतो आणि ताब्याचा अर्ज तिनं करायचा असतो. तो तुम्ही परस्पर करू नका. दावा प्रलंबित असेल, तर चोरीच्या काळात झालेल्या नुकसानीचा दावा लावता येतो का ते विचारा. त्यासाठी फक्त थर्ड पार्टी पॉलिसी पुरत नाही. फिर्याद वेळेवर दिली होती पण कंपनीला कळवायला उशीर झाला, एवढ्याच कारणानं दावा नाकारता येत नाही, असं सर्वोच्च न्यायालयानं २०२० मध्ये म्हटलं आहे.

आरटीओच्या नोंदीत गाडीवर चोरीचा शेरा पडला असेल तर न्यायालयाचा आदेश आणि पोलिसांचं पत्र देऊन तो काढून घ्या. तो राहिला तर पुढे गाडी नावावर करून देताना काम अडतं. कारचा फास्टॅग बंद केला असेल तर तोही आता चालू करा. चोरीच्या काळातल्या चलनांवर वाहतूक पोलिसांकडे फिर्यादीच्या प्रतीसह हरकत नोंदवा. आधी दंड भरून टाकू नका. ज्या चलनानं मला स्कूटर सापडवून दिली, त्याच्यावरही मी हरकत घेतली, कारण दंड माझ्या नावावर होता आणि फोटोत मी नव्हतो.

त्या ११,४०० रुपयांचं काय, असं मला सगळे विचारतात. आदेश हातात आल्यावर मी शेठकडे गेलो आणि टायरची किंमत पक्क्या पावतीवर दिली. टायर खरंच नवा होता, आणि मी रोज त्यावरच फिरणार होतो. कायद्यानं ते देणं माझ्यावर नव्हतं. बाकीच्या रकमेसाठी त्यानं त्या पोराविरुद्ध स्वतःचा जबाब दिला.

सुपूर्तनाम्याची प्रत डिकीत ठेवा आणि मूळ घरी. खटला चालेपर्यंत बंधपत्र जिवंत असतं, म्हणून समन्स आलं तर त्या तारखेला गाडी घेऊनच जायचं. पत्ता किंवा मोबाइल नंबर बदलला तर तपासी अंमलदाराला लेखी कळवा. निकाल लागला की बंधपत्र रद्द करून घेण्याचा छोटासा अर्ज त्याच न्यायालयात द्यायचा असतो, तोपर्यंत गाडी विकायला काढू नका.